इंग्रजी बोलू लागलो, पण बोलावयाचे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या बुधवारच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाविषयी मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा मला थोडे हसूच आले. वर्गात माझ्याहून चांगले इंग्रजी बोलणाऱ्या निदान सहाजणी समोर बसलेल्या आहेत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमचे कसे अडले, ते सांगा.” अडण्याविषयी बोलावयाचे असेल तर माझा अधिकार मोठा आहे, हे मला मान्य करावे लागले.

आपल्यापैकी बहुतेकजणी इंग्रजी शिकलेल्या आहेत. आमच्या वेळी ते पाचवीपासून असे. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे आमच्या नातवंडांना ते दूधभाताबरोबरच मिळते. आम्ही मात्र व्याकरण पाठ केले, निबंध पाठ केले, पेपर लिहिले आणि तोंड उघडण्याचा प्रसंग कधी आलाच नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता आपण ठरविले की, दर बुधवारी दुपारी अर्धा तास दोघी-दोघींनी जोडीने बसून फक्त इंग्रजीत बोलावयाचे. चिठ्ठ्या टाकून आठ जोड्या झाल्या. माझ्या वाट्याला जी जोडीदारीण आली ती माझ्या मुलीच्या वयाची. माहेर पैठणकडचे, लग्न होऊन पडेगावात आलेली, अंगाने किरकोळ, बोलण्यात संकोची. तिचे नाव मी सांगत नाही. ती आज येथे नाही, पण हे सर्व सांगावयास तिची परवानगी मी घेतलेली आहे.

पहिला बुधवार आठवला की अजून अंगावर काटा येतो. माझे नाव अमुक, तुझे नाव काय? मी पडेगावात राहते, तू कोठे राहतेस? (ती माझ्या मागच्याच गल्लीत राहते, हे मला ठाऊक होते.) तुला मुले किती? आज फार ऊन आहे. येथवर सारे सुरळीत झाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले तो सातच मिनिटे झालेली! उरलेली तेवीस मिनिटे आम्ही दोघींनी पंख्याचा आवाज ऐकत काढली. शेजारच्या जोडीकडून “व्हॉट इज युवर फेव्हरिट कलर?” असे ऐकू आले म्हणून मीही तेच विचारले. ती म्हणाली, “ग्रीन.” मी म्हटले, “माईन इज ऑल्सो ग्रीन.” झाले! हिरव्या रंगाविषयी याहून अधिक काय बोलणार?

त्यात आणखी एक मौज झाली. मराठीत ती मला ‘काकू, तुम्ही’ म्हणते आणि मी तिला ‘तू’ म्हणते. इंग्रजीत दोहींना एकच ‘यू’. वडील माणसास ‘यू’ म्हणावयास तिची जीभच रेटेना. ती दर वेळी ‘काकू यू’ असे म्हणे. “काकू यू ड्रिंक टी?” हे ‘काकू यू’ पुढे वर्षभर चालले आणि मला ते इतके गोड वाटे की मी ते कधी सुधारले नाही.

बोलावयास विषय नाही म्हणून मी बाजारातून एक पुस्तक आणले. त्यात पाठ होते: विमानतळावर, हॉटेलात खोली घेताना, माझा छंद, माझे आवडते पर्यटनस्थळ. आम्हां दोघींपैकी एकीनेही विमानतळ आतून पाहिलेला नव्हता. छंद म्हणाल तर पहाटे साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला छंद कोणता, हे तिला इंग्रजीत तर नाहीच, पण मराठीतही सांगता आले नसते. तरी आम्ही इमानाने पाठ वाचले. चौथ्या की पाचव्या बुधवारी ‘कुटुंबाची ओळख’ असा पाठ आला. त्यात प्रश्न होता, तुमचे पती काय करतात? मी वाचला. ती म्हणाली, “ही इज ॲट होम.” आता बायांनो, मला तेवढ्यावर थांबता आले असते. पण चूक सापडल्याच्या आनंदात मी म्हणाले, आज नव्हे, रोज काय करतात ते विचारते आहे. ती पुन्हा म्हणाली, “एव्हरी डे ॲट होम.” आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवू लागली.

त्यानंतरचे तीन बुधवार ती आली नाही. नवरात्राची गडबड असेल, असे मी धरून चालले. मग कळले ते असे की, तिच्या यजमानांना पाच महिन्यांपूर्वी कामावरून कमी केले होते आणि गल्लीत ही गोष्ट तिने कोणाला कळू दिली नव्हती. ती वर्गाला येत होती ती माझ्यासारखी वेळ जात नाही म्हणून नव्हे. वेरूळच्या रस्त्यावर हॉटेले आहेत, शहरात दवाखाने आहेत. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलावयास दोन वाक्ये इंग्रजी येणारी बाई लागते. ती जागा आपल्याला मिळावी, यासाठी तिची धडपड होती. एकाच बाकावर आम्ही शेजारी बसत होतो, पण माझी हौस होती आणि तिचा संसार होता. मला ते दिसले नव्हते.

मी सीताफळे घेऊन तिच्या घरी गेले. दौलताबादच्या बाजूची सीताफळे त्या दिवसांत भरपूर येतात, आणि रिकाम्या हाताने जावयास धीर होत नव्हता. घरी गेले तो ती गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी. त्या दिवसांत नळाचे पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येईल याचा नेम नसे, हे मी तुम्हांला सांगावयास नको. क्षमा वगैरे मागण्याचे शब्द मी वाटेत जुळवीत आले होते, ते सारे राहिले. मी पाइपाचे दुसरे टोक धरले. ती पिंपे लावीत होती, मी भरत होते आणि पाण्याच्या नावाने दोघी मनसोक्त बोटे मोडीत होतो. अर्धी पिंपे भरून झाल्यावर मला काय सुचले कोण जाणे, मी विचारले, “व्हेन वॉटर केम?” व्याकरण चुकले ते मला तेव्हाच कळले. पण ती थांबली नाही. पाणी रात्री दोनला आले, सासूबाईंनी हाक मारली, पाइप फाटलेला निघाला, शेजारणीकडे मागितला तर ती नाही म्हणाली, तीच शेजारीण गेल्या खेपेस आपल्या पिंपातून दोन कळशा घेऊन गेली होती! हे सारे तिने इंग्रजीत सांगितले. ‘नेबर’ हा शब्द तिला आठवला नाही, तर ती म्हणाली, “नेक्स्ट वॉल वुमन.” हात पाण्यात, डोळे लाल, आणि वाक्यामागून वाक्य! मी मध्येच “देन?” एवढेच म्हणत होते. टाकी भरली तेव्हा खाली घड्याळ पाहिले, तर वीस-बावीस मिनिटे झाली होती.

घरी येताना माझ्या मनात आले की, विषय पुस्तकात शोधण्यात आमचे सारे चुकले होते. ज्याचा राग येतो, जे कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही, ते बोलावयास माणूस शब्दांची वाट पाहत नाही. आहेत त्यांवर भागवून घेतो.

आमच्या सासूबाईंची एक आठवण येथे सांगते. निजामी अमदानीत, म्हणजे १९४८ पर्यंत, आपल्या मराठवाड्यात कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. तेव्हा परकी बोली शिकण्याची पाळी आपल्या भागावर काही आज आलेली नाही. पुरुष मंडळी कचेरीसाठी उर्दू शिकली. सासूबाईंना तर अक्षरओळखसुद्धा नव्हती, पण त्या उत्तम हिंदुस्थानी बोलत. शिक्षक कोण? दारावर येणारी बांगडीवाली. विषय कोणते? बांगडीचा भाव, लेकीचे बाळंतपण, कोणत्या घरी सून कशी आली. ती बाई बांगड्या भरावयाला बसली की तासभर उठत नसे. सासूबाईंना कोणी कधी ‘माझा छंद’ विचारला नाही, म्हणूनच त्या बोलावयास शिकल्या, असे मला आता वाटते.

आता याहून मोठे उदाहरण सांगते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेस जाऊन डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या महाराष्ट्रीय भगिनी. त्यांच्या शिक्षणाविषयी आपण बोलतो, त्यांच्या अकाली मृत्यूविषयी बोलतो. पण त्यांचे इंग्रजी वाढले कसे, इकडे आपले लक्ष जात नाही. घरी शिकविणारे पती गोपाळराव, आणि शिक्षक म्हणून ते फार कडक, प्रसंगी कठोरही. परंतु ज्यांच्याशी मन मोकळे करावे असे माणूस त्यांना इंग्रजीत मिळाले ते सातासमुद्रापलीकडे. न्यू जर्सीतील रोझेल गावी मिसेस थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असता तेथे पडलेले एक मिशनरी मासिक त्यांनी सहज चाळले. त्यात गोपाळरावांचे, पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र आणि त्यास मिळालेले नकाराचे उत्तर, दोन्ही छापलेले होते. ते वाचून या बाईंना वाईट वाटले आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले.

कार्पेंटरबाई कोणी पंडिता नव्हत्या, शाळामास्तरीण नव्हत्या. मुलाबाळांच्या, घरसंसाराच्या बाई. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले होते आणि ते दुःख ताजे होते. धर्म निराळा, वय निराळे, कधी एकमेकींना पाहिलेले नाही, पत्र पोहोचावयास आठवड्यांमागून आठवडे लागत. अशा दोघींनी लिहावयाचे तरी काय? पण विषय कधी संपले नाहीत. इकडच्या चालीरीती, तिकडच्या चालीरीती, बालविवाह, बायकांची दुखणी आणि त्यांची होणारी आबाळ, स्वतःची प्रकृती. पुढे पुढे तर आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मला यातले एक वाटते ते असे की, एकीला जे रोजचे होते ते दुसरीला अगदी नवे होते. आपल्या घरात आपल्याला ज्यात काही विशेष वाटत नाही, तेच समोरचीला ऐकावयाचे असते. आणि कार्पेंटरबाईंनी व्याकरण तपासण्यासाठी पत्रे मागितली नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यावयाचे होते.

पुढे १८८३ च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले, तेथे गोपाळराव पोस्टात होते. वय अठराच्या आत, समोर भरगच्च सभा. त्या भाषणात त्यांनी कोणता विषय घेतला? लोक त्यांना रस्त्यात, घरात, जे प्रश्न विचारून हैराण करीत तेच! अमेरिकेस का जातेस? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील, त्याचे काय? तेथे काही अरिष्ट आले तर? आजवर कोणा बाईने केले नाही ते तूच का करतेस? एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी सांगितले. एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या, आणि रोझेलला मावशींच्या घरीच उतरल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पदवी मिळाली, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि ती त्यांनी आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत ठेवली. इंग्रजीतून जमलेले नाते ते येथवर गेले.

असो. एवढ्या थोर बाईंच्या गोष्टीनंतर पुन्हा आमच्या जोडीकडे यावयाचे म्हणजे मलाच संकोच वाटतो, पण आले पाहिजे.

पाण्याच्या प्रकरणानंतर आम्ही पुस्तक बंद केले. दर बुधवारी एकीने पिशवीतून घरातली एक वस्तू आणावयाची असे ठरले. एकदा तिने पाटावरवंट्याला टाकी लावणाऱ्याची छिन्नी आणली. तिचे वडील ते काम करीत, हे मला त्या दिवशी कळले. अर्धा तास पुरला नाही. पुरणपोळी कशी करतात, हे इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न करून पाहा. पुरणाला इंग्रजी शब्द शोधण्याची खटपट करू नका, पुरण म्हणजे पुरणच. पण डाळ शिजवितात, कट काढतात, गूळ घालून आटवितात, वाटतात, हे सांगताना एकामागून एक क्रियापदे अशी येतात की, कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात तेवढी एका पानावर मिळणार नाहीत. आणि कटाची आमटी करावयाची की नाही यावर आमचे भांडण झाले ते निराळेच. भांडण हा विषय फार चांगला. दोघींचे एकमत झाले की बोलणे संपते, हिरव्या रंगाचे झाले तसे.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशीच आहे. छावणी ओलांडली की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे जाणारा रस्ता आपल्या पडेगावावरून जातो. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारशात गेले. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या आपण रोज पाहतो आणि रस्ता ओलांडावयास त्या जाण्याची वाट पाहत उभ्या राहतो. मी म्हटले, त्यांच्यातली एक बाई येथे उतरली असे समज. कैलास लेणे तिला कसे समजावशील? ती म्हणाली, “फर्स्ट देअर वॉज माउंटन.” मग खांब कसे उभे केले? “नो काकू यू, नोबडी पुट. दे रिमूव्ह.” वरून खाली कोरीत आले, कळस आधी आणि पाया मागून, हे सांगताना ती दोन्ही हातांनी हवेत डोंगर पोखरीत होती. मी आजवर चार वेळा वेरूळ पाहिले असेल, पण आठव्या शतकातल्या त्या कारागिरांना एकही चूक परवडणारी नव्हती, कारण कापलेला दगड पुन्हा चिकटविता येत नाही, ही गोष्ट तिच्या मोडक्या इंग्रजीतून माझ्या प्रथम ध्यानात आली. दगडकाम करणाऱ्याच्या मुलीलाच ती सुचावयाची!

काय विचारू नये याविषयी एक शब्द सांगते. आपल्याकडे नव्या बाईची ओळख झाली की यजमान काय करतात, मुले किती, अजून का नाही, पगार किती, हे आपण मायेनेच विचारतो. मराठीत विचारताना आवाज उतरविता येतो, हात हातात घेता येतो. तोच प्रश्न पुस्तकातून वाचून दाखविला की तो फौजदाराचा होतो. म्हणून आम्ही ठरविले की, जिचे तिने आपण होऊन सांगावे. दुसरे असे की, समोरची बोलत असताना मध्येच चूक काढावयाची नाही. वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवावी आणि शेवटी, तिने विचारले तर सांगावी. हे मला फार जड गेले. मी तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, लाल पेन आपोआप हातात येते.

ती पुढे एका हॉटेलात मुलाखतीस गेली. तेथे जमले नाही, आणि का नाही ते कोणी सांगितलेही नाही. घरी येऊन तिने दोन दिवस इंग्रजीचे नाव काढले नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवार नसताना, माझ्याकडे आली आणि मुलाखतीत काय काय झाले ते सबंध इंग्रजीत सांगितले, त्या साहेबाची नक्कल करून. आम्ही दोघी हसलो, मग ती थोडी रडली. त्यानंतर चार महिन्यांनी शहरातल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर तिला काम मिळाले. तेथे इंग्रजी फारसे लागत नाही, असे ती म्हणते. लागते ते धीराने ऐकणे आणि माणसाला त्याचे दुखणे त्याच्या शब्दांत सांगू देणे. यजमानांनाही आता अर्धवेळ काम लागले आहे.

बुधवारी दुपारी तिची पाळी असते, त्यामुळे माझी जोडी मोडली. ती कधीमधी रात्री फोन करते आणि सबंध वेळ मराठीत बोलते. मी इंग्रजीत सुरुवात केली तर म्हणते, “काकू, आता नको, पाय दुखतात.”

तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. वयाची अट नाही, इंग्रजीची तर मुळीच नाही. येताना घरातली एखादी वस्तू आणावी. पुढच्या बुधवारी मी आमच्या आजेसासूबाईंचा पितळी अडकित्ता आणणार आहे. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि कृपा करून कोणी आधी सांगू नये.